आईबाबांना घेऊन जोधपूर-जैसलमेर-बिकानेर करायचंय, बाबांचा गुडघा धरतो, कसं जमवावं?

मेहकरचा_कास्तकार

राम राम मंडळी. मेहकर तालुक्यातलं खेडं आमचं, सोयाबीन, तूर अन् दोन एकर कापूस. सोयाबीन निघालं, कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, तूर जानेवारीत सोंगून झाली की आईबाबांना घेऊन राजस्थानात जायचं डोक्यात आहे. आईनं पंढरपूर, शेगाव अन् एकदा काशी सोडून काही पाह्यलं नाही. मोबाइलवर जैसलमेरचा तो पिवळा किल्ला दिसला तेव्हापासून तिचं एकच, मले तो सोन्याचा किल्ला दाखव.

अडचण बाबांची आहे. वय 68, उजवा गुडघा धरतो, अन् त्याहीपेक्षा मनातून तयार नाहीत. म्हणतात, सारा जन्म पाण्याची वाट पाहण्यात गेला, आता पैसे खर्चून कोरडी जागा पाह्याले कायले जायचं? मी काही बोलू शकलो नाही. जबरदस्तीनं न्यायचं नाही मला, पण आई एकटी येणार नाही अन् दोघांनी सोबत हे पाहावं असं मला फार वाटतं.

तर जाऊन आलेल्यांनी सांगजा की किल्ले चढायला किती अवघड आहेत, किती दिवस लागतात, थंडी किती, रेतीतले तंबू घ्यावे का. बाबा माळकरी आहेत, कांदा-लसूण चालत नाही, त्याचंही सांगजा.

लोणारकाठ

भाऊ, मागच्या जानेवारीत मी माझ्या आईले घेऊन हीच तिन्ही गावं करून आलो, तिचेही गुडघे गेलेले, म्हणून सांगतो.

जोधपूरच्या मेहरानगडाची धास्ती घेऊ नका. खालून पाह्यलं तर छातीत धस्स होते, गावाच्या डोक्यावर चारशे फूट उंच खडक अन् त्या खडकातूनच निघाल्यासारख्या भिंती, राव जोधानं 1459 मध्ये पाया घातलेला. पण गाडी दारापर्यंत जाते अन् आत लिफ्ट आहे, तिचे पैसे वेगळे. लिफ्टनं वर जायचं अन् महाल, पालख्या, हत्तीवरचे हौदे पाहत पाहत खाली उतरायचं. उतारही गुडघ्याले त्रास देते, काठी घेजा. लोहापोळ म्हणून दार आहे, तिथं भिंतीत सती गेलेल्या राण्यांचे हात कोरलेले आहेत, शेंदूर लावलेले. माझ्या आईनं आपला पंजा त्याच्यासमोर नुसता धरला, टेकवला नाही, अन् म्हणे, केवढुशे हात रे, पोरीच होत्या ह्या. मग बराच वेळ ती काही बोललीच नाही.

बिकानेरचा जुनागड तर सपाट जमिनीवरच आहे, टेकडीच नाही, राजा रायसिंगानं 1590 च्या आसपास बांधलेला. आत मात्र अरुंद जिने आहेत, जेवढं जमेल तेवढं पाहायचं. रंगवलेल्या खोल्या अशा की नजर हलत नाही, एका महालाच्या भिंतींवर तर निळे ढग अन् पाऊस काढलेला आहे, बादल महाल नाव त्याचं. जिथं पाऊस पडत नाही तिथं राजानं भिंतीवर पाऊस काढून घेतला, हे तुमच्या बाबांना सांगाच.

जैसलमेरले आम्हाले रिक्षावाल्यानं वरच्या चौकापर्यंत सोडलं. 1156 चा किल्ला, रावळ जैसलचा, अन् आजही आत हजारो लोक राहतात, दुकानं, जैन मंदिरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, सगळं. पण मुक्काम किल्ल्याच्या आत करू नका, ही माझी कळकळीची विनंती समजा. तो किल्ला कोरड्या हवेसाठी बांधलेला, दगडावर दगड बसवलेले, खाली मऊ खडक. पूर्वी घागरीनं पाणी वर जायचं तेव्हा जपूनच वापरलं जायचं. आता नळ आले, हॉटेलांचे संडास-बाथरूम आले, ते पाणी खाली मुरते अन् पाया भुसभुशीत होते, काही बुरूज याच्यानं ढासळले आहेत. 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत राजस्थानचे सहा किल्ले गेले त्यात हाही आहे. खाली गावात राहा, दिवसभर वर जाऊन बसा. किल्ला संध्याकाळी खालूनच खरा पिवळा दिसतो.

जोधपूर दोन दिवस, जैसलमेर तीन, बिकानेर दीड, अन् जाण्यायेण्याचे वेगळे. जोधपूरहून जैसलमेरले रेल्वेनं पाच-सहा तास. वाटेत रामदेवरा लागते, रामदेवपीरांचं देवस्थान, आईबाबांना दर्शनाले उतरवता येईल. थंडी जानेवारीत पहाटे आपल्यापेक्षा बोचरी, कानटोपी अन् शाल हातातल्या पिशवीतच ठेवजा.

अंजनगावचा_संत्रेवाला

तंबूचं मी सांगतो कारण माझे पैसे त्याच्यात गेले. ऑनलाइन फोटो पाहून सम नावाच्या रेतीच्या टेकड्यांवर एक कॅम्प बुक केला, जैसलमेरहून चाळीसेक किलोमीटर. फोटोत शांत रेती अन् चांदणं. गेलो तर चहूकडून डीजे, जीपवाले रेतीवर गाड्या उडवून राह्यले, जेवण थंड अन् गाद्या ओल्या, उंटाच्या फेरीचे पैसे वरून वेगळे मागितले जे बुकिंगमध्ये धरलेले होते. आईवडलांना असल्या ठिकाणी नेऊ नका राजेहो. खुरी म्हणून गाव आहे दुसऱ्या बाजूले, तिथं गर्दी कमी, घरगुती सोय होते. नाहीतर दुपारी चार वाजता जायचं, सूर्य बुडेपर्यंत बसायचं अन् जैसलमेरात झोपाले यायचं, हे सगळ्यात चांगलं.

पण एक मात्र चुकवू नका, मांगणियार लोकांचं गाणं. माइकवर नाही, समोर बसून. आम्हाले गडीसर तलावाच्या पायऱ्यांवर एक म्हातारा भेटला, कमायचा वाजवत होता, आंब्याच्या लाकडाचा पोटाळा, वरून कातडं ताणलेलं अन् तारांवर गज फिरवतो. आवाज असा की आपल्या किंगरीवाल्याची आठवण आली, पण याचा आवाज जाड, पोटातून येणारा. सोबत नातू खडताळ वाजवत होता, दोन लाकडी पट्ट्या एका हातात. पाऊण तास बसलो. मांगणियार मुसलमान आहेत अन् पिढ्यान् पिढ्या हिंदू यजमानांच्या लग्नात, बारशात गातात, कृष्णाचीही गातात. तुमच्या माळकरी बाबांना ते भजन समजणार नाही पण डोळे मिटतील त्यांचे, मले खात्री आहे.

जेवणाची काळजी सोडा. दाल-बाटी म्हणजे आपले रोडगेच, गोवरीच्या विस्तवावरचे. केर-सांगरीची भाजी खा, सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा, दसऱ्याले आपण जिची पूजा करतो तीच शमी, तिकडं खेजडी म्हणतात. कांदा-लसूण नको म्हणून आधी सांगा, जैन लोक भरपूर आहेत त्यामुळं कोणाले नवल वाटत नाही.

बोडीकाठची

दादा, तुमच्या बाबांचं बोलणं दोनदा वाचलं. मी साकोलीकडची. आमच्याकडे कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, पाऊस बाराशे-तेराशे मिलिमीटर, तरी उन्हाळ्यात टँकर पाहिलेला आहे मी. तुमच्याकडे सात-आठशे पडत असेल. जैसलमेरात दीडशे-दोनशे. तेवढ्या पाण्यावर तिथं आठशे-साडेआठशे वर्षं शहर उभं आहे. बाबांना म्हणा, कोरडी जागा पाहायला चला असं नाहीच आहे, पाणी कसं सांभाळलं ते पाहायला चला.

अन् हे मी नुसतं बोलायला म्हणून बोलत नाही. आम्ही गेलो तेव्हा कुलधराला गेलो, जैसलमेरपासून सतरा-अठरा किलोमीटर, पालीवाल ब्राह्मणांचं सोडून दिलेलं गाव. गाइड भुताच्या गोष्टी सांगत होता, मला त्यात काही रस नव्हता, मी विचारलं हे लोक खात काय होते, तर त्याच्याच गावाकडचा एक माणूस आम्हाला खडीन दाखवायला घेऊन गेला. काय असते ते सांगते. वर खडकाळ माळ, त्याच्यावर पाणी मुरत नाही, सगळं वाहून खाली सखल जागेत येते. त्या सखल जागेच्या खालच्या अंगाला लांबच लांब मातीचा बांध. पावसाळ्यात तिथं पाणी साचते, सोबत गाळ येतो, पाणी हळूहळू मुरते, उरलेलं मोरीनं सोडून देतात, अन् नोव्हेंबरच्या सुमारास त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. वरून पाणी द्यायचं नाही, विहीर नाही, मोटर नाही. मी बांधावर उभी होते, एका बाजूला कुसळंसुद्धा धड नाहीत अशी पिवळी जमीन अन् दुसऱ्या बाजूला गुडघाभर हिरवा हरभरा. खाली बसून माती हातात घेतली तर लाडू वळला गेला. दीडशे-दोनशे मिलिमीटरवर! पंधराव्या शतकापासून पालीवालांनी ही पद्धत वाढवली असं सांगतात.

मग किल्ल्यांकडेही मी त्याच डोळ्यांनी पाहिलं. मेहरानगडाच्या पायथ्याशी राणीसर अन् पद्मसर तलाव आहेत. जैसलमेरचं गडीसर म्हणजे गावाचं पिण्याचं पाणी होतं, नुसतं पावसावर भरणारं, आज तिथं लोक बोटीत बसून फोटो काढतात. खेड्यात घराच्या अंगणात टांके, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीतली टाकी, चारही बाजूंनी उतार केलेला, झाकणाला कुलूप. हो, पाण्याला कुलूप. तुमच्या बाबांना ते कुलूप दाखवा.

निवृत्त_मास्तर_वाशीम

बापू, तुझे बाबा 68 चे म्हणजे 72 च्या दुष्काळात चौदा-पंधरा वर्षांचे असतील. मेहकरकडे त्या साली काय हाल होते मी पाहिलेत, आमच्याच शाळेत सुकडी वाटली जायची आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी घशाखाली उतरत नसे. त्यांना जोधपूरच्या उमेद भवनची हकिगत वाचून दाखव.

राजवाडा म्हटला की आपल्याला ऐषाराम दिसतो. या वाड्याचा पाया 1929 मध्ये घातला आणि काम संपलं 1943 मध्ये. त्या मुलखात दुष्काळ सारखे पडत होते, लोकांच्या हाताला काम नव्हतं, तेव्हा महाराजा उमेदसिंगांनी हे काम काढलं आणि हजारो लोकांची पोटं कित्येक वर्षं त्यावर चालली. तिथल्या चितर टेकडीवर तो वाडा आहे, पिवळसर दगडाचा, 347 खोल्या. आज एका भागात राजघराणं राहतं, एका भागात मोठं हॉटेल आहे आणि एक भाग म्युझियम म्हणून आपल्यासारख्यांना खुला आहे. हॉटेल पाहू नका, तो दगड पाहा. चिरे एकमेकांत असे अडकवलेत की चुना-सिमेंटची दर्ज शोधावी लागते. उपाशी माणसांच्या हातचं काम आहे ते आणि त्यात कुठेही कामचुकारपणा नाही, हे मी तिथे उभा राहून तासभर पाहत होतो.

त्याआधीचा छप्पनिया, म्हणजे विक्रम संवत 1956, इसवी सन 1899-1900, त्याच्या आठवणी मारवाडात अजून सांगतात. त्याच दुष्काळानं आपलं वऱ्हाडही होरपळलं होतं.

जोधपूरजवळच खेजडली आहे. 1730 मध्ये झाडं तोडायला आलेल्या राजाच्या माणसांसमोर बिश्नोई लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या, अमृतादेवी आणि त्यांच्यासह 363 जणांनी जीव दिला. आईंना तिथे अवश्य ने.

मेहकरचा_कास्तकार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून बाबांना सगळं वाचून दाखवलं. बादल महालाचं ऐकून आई म्हणे हे मले पाह्याचंच. बाबा गप होते. मास्तर, तुमचं उमेद भवनचं वाचलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं अन् म्हणाले परत वाच. मग आपला डावा हात पुढं केला. अंगठ्याखाली एक पांढरा व्रण आहे, लहानपणापासून पाहतो मी, विळ्याचा असेल असंच समजत होतो. ते म्हणाले 72 ले रस्त्यावर खडी फोडाले होतो, कपची उडून लागली, आजीनं हळद भरली अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर, कारण हजेरी बुडली तर घरी चूल नाही. एवढ्या वर्षांत हे कधी बोलले नव्हते. अन् मग विचारलं, त्या वाड्यावर काम करणाऱ्यांना दुपारी खाले काय भेटे? मास्तर, तुम्हाला माहीत असेल तर सांगा, नाहीतर ते तिथं जाऊन विचारणारच.

थोडक्यात, बाबा तयार आहेत. तूर घरात आली की निघतो, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट पाहतोय. तंबू रद्द, किल्ल्यात मुक्काम रद्द, कुलधरा अन् खडीन पक्कं.

साकोलीच्या ताई, बाबांनी खास विचारायला सांगितलंय की तेव्हा तिथला गहू कोणत्या अवस्थेत असेल?

बोडीकाठची

नोव्हेंबरात पेरला असेल तर निसवायला लागला असेल, हरभरा घाट्यावर. बांधावरून चालता येते पण कुंपण असेल तिथं मालकाला हाक मारूनच आत जा, ओल धरलेली जमीन पायानं दाबली जाते म्हणून त्यांना आवडत नाही. अन् बाबांच्या गुडघ्यासाठी बांध सोपा आहे, चढ नाही.