डग्लसच्या आधीचा वॉकर

अमेरिकेतल्या काळ्यांच्या जहाल लेखनाची सुरुवात अनेकदा फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून निसटलेल्या लेखक-वक्त्यापासून धरतात. त्याआधी डेव्हिड वॉकर येतो. जन्म नॉर्थ कॅरोलिनातला. बाप गुलाम, पण आई स्वतंत्र म्हणून हाही स्वतंत्र. पुढे बॉस्टनच्या बंदराजवळ जुन्या कपड्यांचं दुकान, गिऱ्हाईक बरेचसे खलाशी. १८२९ मध्ये त्याने 'अपील' हे गुलामगिरीविरुद्धचं जहाल पुस्तक छापलं आणि खलाशांच्या हातून गुलामगिरी असलेल्या दक्षिणेतल्या राज्यांत धाडलं (कोटाच्या अस्तरात शिवून, असं सांगतात). त्यातलं जॉर्जिया राज्य इतकं हादरलं की असलं साहित्य पसरवणाऱ्याला थेट देहदंड! 'अपील'मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या वर्णद्वेषी मतांचा घेतलेला समाचार मुळातूनच वाचावा. १८३० मध्ये वॉकर वारला. विषप्रयोगाची वदंता आहे, पण नोंद क्षयाची आहे. मुलगीही काही दिवस आधी फुप्फुसाच्या आजारानेच गेलेली, त्यामुळे मला नोंदच खरी वाटते.