मे महिन्यात प्राग, आईबाबांसोबत

नाशिककर: मेमध्ये आईबाबांना घेऊन चेकला जायचंय, प्राग आणि जमलं तर ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, दोघं पक्के शाकाहारी आणि बाबांचे गुडघे कुरकुरतात, झेपेल का?

कॉलेजरोडवाला: झेपेल की. पण जुन्या प्रागमध्ये सगळीकडे उंचसखल दगडी फरसबंदी, चाकाच्या बॅगा नुसत्या खडखडतात, त्यामुळे हॉटेल ट्रामस्टॉपजवळच बघा. आणि तिकडे युरो नाही, कोरुना. व्हिएन्नाला ट्रेन साधारण 4 तासांत नेते, विमान कशाला?

पंचवटीकर: शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालतो तो) किमान 30,000 युरोचा मेडिकल विमा लागतो, अर्ज 6 महिने आधीपासून करता येतो, टाळू नका. तळलेलं चीज मिळतं, सूप मात्र विचारूनच घ्या, मांसाचं असतं बऱ्याचदा.

नाशिककर: आई चिवडा आणि पेढे न्यायचं म्हणतेय 😄

पंचवटीकर: चिवडा खुशाल न्या. पेढे नको, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात मनाई आहे.