छत्री विसरली की मी विसरले?

कानामात्रा : एका कथेचा अनुवाद करतेय. नायक दार ओढून घेतो, जिना उतरून खाली येतो, खिसे चाचपतो. किल्ली आत. मूळ कथेत त्याला ‘ॲबसेंट-माइंडेड’ म्हटलंय. मी ‘विसरभोळा’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘वेंधळा’ केलं. शिवाय ‘त्याची किल्ली विसरली’ याखाली लाल रेघ. किल्ली कशी विसरेल, म्हणे! आमच्या घरी सगळे असंच बोलतात. शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

पडवी : वेंधळा टेबलाला धडकून पेला सांडतो. विसरभोळा पेला भरून घेतो आणि प्यायचंच विसरतो. तुमचा नायक दुसऱ्या पंथातला.

सोळाआणे : धांदरट का नको?

कानामात्रा : त्याला घाई नाहीच हो. डोक्यात कसलंतरी गणित चालू असतं.

शुद्धमती : मग ‘अन्यमनस्क’. मन दुसरीकडे असलेला, अगदी नेमका शब्द. आणि लाल रेघ योग्यच आहे. विसरतो तो माणूस. ‘तो किल्ली विसरला.’ ‘त्याने किल्ली विसरली’ हेसुद्धा चूक. हे क्रियापद सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागत नाही. ‘तो धडा शिकला’ म्हणतो ना, तसंच.

सोळाआणे : अन्यमनस्क माणूस किल्ली विसरत नाही, तो खिडकीशी बसून उसासे टाकतो.

पडवी : ‘माझी छत्री विसरली’ मीही म्हणतो. ‘मी छत्री हरवली’ चालतं, ‘छत्री हरवली’ही चालतं. ‘सांडणे’चंही तेच. मग ‘विसरणे’वरच पहारा का? आणि ‘विसरलेली छत्री’ तर तुम्हीही म्हणत असाल. तिथे काय छत्रीला विस्मरण झालेलं असतं?

शुद्धमती : त्यासाठी ‘राहिली’ आहे. छत्री राहिली. विषय संपला.

पडवी : ‘राहिली’त दोष कुणाचाच नाही. ‘माझी छत्री विसरली’ म्हटलं की निदान अर्धा तरी माझ्याकडे येतो.

उंबरठा : आमची आजी माणसालाच ‘गहाळ’ म्हणायची. आजोबा विसरलेली पिशवी घ्यायला परत यायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि पुन्हा पिशवीशिवाय निघायचे. ही दारात पिशवी धरून उभी, ‘गहाळ आहेत नुसते!’ आता फक्त फायली गहाळ होतात. मला तर तो ‘गाफील’चा भाऊबंद वाटतो.

शुद्धमती : गाफील आणि गफलत एका अरबी धातूचे, इथवर ठीक. गहाळला त्या घरात घुसवायला पुरावा?

सोळाआणे : पुरावा कशाला? वेंधळा = वेडा + आंधळा. घ्या.

शुद्धमती : ही व्युत्पत्ती नव्हे, कोटी आहे.

सोळाआणे : बरं, कोटी. पण गफलतच बघा. मुळात बेसावधपणा, आपण ‘हिशेबात गफलत’ म्हणतो, म्हणजे त्यातून झालेली चूक. गहाळही आजोबांवरून उतरून फायलीवर बसला. दोष माणसाकडून वस्तूकडे सरकवायची आपली जुनी खोड आहे, एकट्या किल्लीवर लाल रेघ कशाला?

कानामात्रा : मंडळी, उद्या शुक्रवार. विसरभोळा की वेंधळा?

उंबरठा : गहाळ लिहा ना. शब्द तरी वाचेल.

शुद्धमती : ‘नायक गहाळ होता’ वाचून लोक त्याला शोधायला निघतील.