मदत हवी आहे: त्रिस्तानियासारखं अजून काय ऐकू?

मंडळी, नॉर्वेच्या स्टाव्हांगरमधला त्रिस्तानिया हा गॉथिक मेटल बँड महिनाभर डोक्यात घुमतोय. त्यातही १९९९चा ‘बियाँड द वेल’ हा अल्बम. गायिका व्हिबेके स्टेनेचा सोप्रानो (बायकांचा सर्वात उंच पट्टीतला आवाज) वर चढत जातो, खालून गायक-गिटारिस्ट मोर्टेन वेलांडची घोगरी गुरगुर, मागे कोरस, मध्येच व्हायोलिन... भर लोकलमध्ये अंगावर काटा येतो! (आईच्या मते घरात भूत शिरलंय.) पण त्यानंतर वेलांड बाहेर पडला, २००७मध्ये व्हिबेकेही गेली. पुढचं काही मला तितकंसं भिडलं नाही.

वेलांडचा नवा बँड सिरेनिया, शिवाय नाइटविश, थिएटर ऑफ ट्रॅजेडी ऐकून झालंय. असाच ऑपेराचा तयार गळा, पण संथ, काळोखा बाज असलेलं अजून कोण आहे? आणि हेडफोनवर कोरस नि गिटारचा पार काला होतो, इक्वलायझरमध्ये नेमकं काय कमी करू?