मदत हवी आहे: जंगलतोडीवरचे, गावात दाखवता येतील असे माहितीपट सुचवा

नमस्कार मंडळी,

यंदा गणपतीत आमच्या गावी (संगमेश्वर तालुका) जंगलतोडीवरचे एक-दोन माहितीपट दाखवायचा विचार आहे. गणपतीतच का, तर एरवी सगळे खातेदार एका जागी सापडत नाहीत. आमच्याकडचं रान बहुतेक खाजगी. सातबारा सामायिक, एकेका गटावर ढीगभर नावं आणि त्यातली निम्मी मुंबई-विरारला. लाकूडवाला येतो, डोंगराचा उतारच्या उतार उक्ता घेतो, कटर लावतो आणि पावसाच्या आत सगळं साफ. ऐन, किंजळ, बेहडा, काही बघत नाही. वाट्याला रक्कम येते ती चाकरमान्याचा येण्याजाण्याचा खर्च भागेल एवढी. आता वरच्या वाडीच्या रानाची बोलणी चालली आहेत, आणि आमचा पऱ्ह्या (ओढा) त्याच रानातून उतरतो. सह्या अजून व्हायच्या आहेत.

म्हणून 'झाडे लावा, झाडे जगवा' छापाचं काही नको आहे. न तोडता राखून काय मिळतं, आणि ज्यांनी तसं ठरवलं त्यांचं भांडण कसं मिटलं, हे दिसायला हवं.

मी पाहिलेल्यांपैकी:

'फॉरेस्ट मॅन' (२०१३). आसामात ब्रह्मपुत्रेच्या वाळूवर जादव पायेंग यांनी १९७९ पासून एकट्याने उभं केलेलं साडेपाचशे हेक्टर जंगल. जेमतेम सोळा मिनिटांचा, यूट्यूबवर आहे. सुंदरच आहे, पण मला वेगळीच धास्ती वाटते. आमचे लोक बघतील आणि म्हणतील, "बघा, परत लावता येतं की! तोडू आणि लावू." पायेंगांचं आयुष्य त्यात गेलं हे कुणी मोजणार नाही.

'ग्रीन' (२००९). इंडोनेशियातल्या एका ओरांगउटान मादीची गोष्ट. पामतेल, लाकूड, कागद यांच्यासाठी चाललेली तोड. निवेदन नाही, संवाद नाहीत, त्यामुळे भाषेची अडचणच मिटते. पण फार जीवघेणा आहे. लहान पोरांना मांडवात बसवून दाखवावा का, हे कळत नाही. शिवाय "ते तिकडचं" म्हणून सोडून देतील.

'द टेरिटरी' (२०२२). माझ्या मते यातला सगळ्यात दमदार. ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यातले उरु-एउ-वाउ-वाउ लोक आणि त्यांच्या जंगलात घुसून जमीन साफ करणारे शेतकरी. करोनात बाहेरच्यांना आत येणं बंद झालं तेव्हा तिथल्या पोरांनी स्वतः कॅमेरा हातात घेतला. यात तोडणाऱ्यांनाही बोलू दिलंय. आपल्या नावावर जमिनीचा तुकडा असावा म्हणून धडपडणारा माणूस दिसतो, नुसता खलनायक नाही. आमच्या गावाला नेमकं हेच लागू पडेल. पण लांबी जवळजवळ दीड तास, बोलणं पोर्तुगीज, खाली इंग्रजी ओळी. आरती-भजन आटपून रात्री दहाला बसलेली माणसं किती तग धरतील?

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गाव कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, तिथल्या देवाजी तोफा आणि मंडळींचं काम ठाऊक आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, २०११ पासून बांबू विक्रीचे परवाने ग्रामसभेच्या हाती. मात्र तो मामला सरकारी जंगलावरच्या हक्काचा, आमच्याकडे मालकच विकायला बसलेत. तरी त्यावर चांगली मराठी फिल्म असेल तर नाव द्या.

तर, अर्ध्या तासाच्या आतलं, मराठी किंवा हिंदी (नाहीतर बोलणंच कमी) असं काय आहे? आणि ओटीटीवरची फिल्म घरच्या खात्यावरून मांडवात लावणं बरोबर नाही, तर जाहीर खेळाची परवानगी कुणाकडे मागायची? कुणी मागितली असेल तर सांगा.

प्रतिसाद: शेखर दत्तात्री यांची 'माइंडलेस मायनिंग' (२००१) बघितली का? कर्नाटकातल्या कुद्रेमुखच्या लोहखनिज खाणीवर आहे. पश्चिम घाटच, म्हणजे डोंगर-पाऊस तुमच्याकडचाच वाटेल. पावसाळ्यात भद्रा नदीत उतरणारा लाल गाळ दिसतो ना, तिथे माणसं थबकतात. आणि शेवट हातात आहे: २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाण बंद करायला सांगितलं, २००५ अखेर ती थांबली. निवेदन इंग्रजी आहे, पण छोटी फिल्म आहे, शेजारी उभं राहून मराठीत सांगता येईल.

प्रतिसाद: फिल्मच्या आधी एक विचारते दादा, तुमच्याच भागात पुण्याची एईआरएफ संस्था खाजगी रानमालकांशी न तोडण्याचे करार करते, मोबदला देऊन, हे माहीत आहे का? बेहड्याची फळं गोळा करून, फेअरवाइल्ड प्रमाणपत्र (रानातला माल झाडं राखून गोळा केल्याचं) घेऊन विकण्याचंही काम आहे. बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो, म्हणून ती झाडं राखली जातात. करार केलेला एखादा मालक मांडवात दहा मिनिटं बोलला तर बाकी प्रोजेक्टर नाही लागला तरी चालेल.

धागाकर्ता: ताई, संस्थेचं नाव ऐकून होतो, फळांच्या विक्रीचं माहीत नव्हतं. वरच्या वाडीत बेहडे भरपूर आहेत. संस्थेला आजच विचारतो. कुद्रेमुखवाली फिल्म पक्की. पण मराठी बोलणार कोण? मी बोललो तर "हा आमच्याच विरोधात" म्हणतील, माझंही नाव त्याच सातबाऱ्यावर आहे. देवरुख-साखरपा भागातलं कुणी गणपतीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोकळं असेल तर कळवा. जेवणखाण, राहणं आमच्याकडे.