मुठीतला चेंडू आणि मर्दानगी: शिकागोच्या शाळांतला प्रयोग

शिकागोकर:
इथल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांत 'बिकमिंग अ मॅन' (बॅम) हा मुलग्यांना रागावर, वागण्यावर ताबा शिकवणारा उपक्रम २००१ पासून चालतो. मुलं बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. आठवड्यातून एक तास मार्गदर्शकासोबत गटात बसायचं, तेही वर्ग बुडवून, म्हणून येतात तरी!

सुरुवातीचा एक खेळ असा. जोड्या पाडतात आणि एकाच्या मुठीत रबरी चेंडू देतात. दुसऱ्याने तो ३० सेकंदांत मिळवायचा. लगेच झटापट, हात पिरगाळणं. मग मार्गदर्शक विचारतो, "नुसता मागितला का नाहीस?" उत्तर येतं, दिला नसता, वर मला शेळपट समजला असता. चेंडूवाला मात्र म्हणतो, "दिला असता की. साधा चेंडू तर आहे."

शिकागो विद्यापीठाच्या क्राइम लॅब या गुन्हेगारीवरच्या संशोधन केंद्राने लॉटरीने मुलं निवडून, न निवडलेल्यांशी तुलना करत अभ्यास केला. उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. माझं मत सरळ आहे, तुरुंगांवरचा पैसा इकडे वळवा.

खडूस:
'चालू असताना' हे शब्द पुन्हा वाचा. उपक्रम संपल्यावर अटकांमधला फरक टिकल्याचं त्याच अभ्यासात दिसत नाही. या वस्त्यांना बँकांनी पिढ्यान्‌पिढ्या कर्ज नाकारलं. २०१३ मध्ये शिकागोने एका दमात सुमारे ५० शाळा बंद केल्या, त्याची झळ मुख्यतः कृष्णवर्णीय मुलांनाच. आणि आपण त्या पोरांना रागावर ताबा ठेवायला शिकवणार! दुखणं पायाला अन् पट्टी डोक्याला.

शिकागोकर:
शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण १२ ते १९ टक्क्यांनी वाढलं, ते कुठे विरलं? शिवाय 'कधीच हात उचलू नका' असं बॅम सांगत नाही. गल्लीत दबून राहिलं तर रोज लुटतात, हे मार्गदर्शकांना ठाऊक आहे. गल्लीतला तो पवित्रा वर्गात मास्तरांसमोर कशाला, एवढंच शिकवायचं असतं.

रानजाई:
आणि मुली? २०१४ मध्ये ओबामांनी 'माय ब्रदर्स कीपर' हा कृष्णवर्णीय, लॅटिनो वगैरे मुलग्यांसाठीचा उपक्रम जाहीर केला, तेव्हा बॅमची मुलं व्हाइट हाऊसमध्ये होती. कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांच्यासह हजारावर स्त्रियांनी खुलं पत्र लिहून विचारलं, आमच्या मुली वगळल्या का? वस्ती तीच, शाळा तीच. भावाला मार्गदर्शक, बहिणीला काय?

शिकागोकर:
बॅमच्याच संस्थेचा मुलींसाठी 'वर्किंग ऑन वूमनहुड' उपक्रम आहे.

रानजाई:
आहे हो. पण राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाला मागे उभं राहायला मुलगेच!

गोवंडीवाला:
अमेरिकेत खेळाच्या कोचमार्फत चालणाऱ्या 'कोचिंग बॉइज इन्टू मेन' उपक्रमावरून मुंबईत 'परिवर्तन' झालं होतं. तिथे क्रिकेटचे कोच मुलांशी बाईमाणसाला मान देण्याबद्दल बोलायचे. वयात आलेलं पोरगं बापाचं ऐकत नाही, कोचचं ऐकतं. खडूसराव, घरं आणि नोकऱ्या येईपर्यंत पोरांनी थांबायचं का?

खडूस:
"पोरींसारखा काय फेकतोस" हेही कोचच बोलतो, साहेब. आधी त्याचा वर्ग घ्या. आणि थांबा असं मी म्हटलेलंच नाही. उपक्रमाचा फोटो काढून पुढारी मोकळे होतात आणि बंद शाळेचं कुलूप तसंच राहतं, माझा राग त्यावर आहे.