आईने वजनाचं ॲप टिकवून वापरावं म्हणून काय करू?

फोंडेकरीण:
आई ५४ वर्षांची, वजन ७८, साखर बॉर्डरवर. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून मी तिच्या फोनवर एक ॲप घालून दिलं. चार दिवस हौसेने सगळं लिहिलं, आठव्या दिवशी बंद. म्हणते, त्याला आपलं हुमण, खोबऱ्याच्या वाटणाची माशाची आमटी, ठाऊकच नाही, फिश करी लिहिलं की कुठलीतरी क्रीम घातलेली करी दाखवतं. त्यात रात्री लाल अक्षरात येतं, आज इतक्या कॅलरी जास्त, ते बघून तिचं तोंड उतरतं. तुमच्या घरी कोणी सहा महिने तरी वापरलंय का, टिकलं कशामुळे? आजीचे डायबिटीसने झालेले हाल आम्ही बघितलेत, म्हणून जीव तुटतो.

म्हापसाकर:
दीड वर्ष वापरतोय, ९१ चा ८३ झालो. पहिल्यांदा मीपण सोडलं होतं कारण दर घासाला टाईप करायचा कंटाळा, मग आमचं नेहमीचंच जेवण एकदा बसून सेव्ह केलं, उकड्या तांदळाचं शीत, हुमण, तळलेला बांगडा, सकाळची पोई आणि पातळभाजी, आता दोन टॅपमध्ये काम होतं. आणि बायकोने सोबत सुरू केलं हे सगळ्यात मोठं. एकट्याने झालं नसतं.

आहारवाली_पणजी:
ताई, मी आहारतज्ज्ञ आहे. आईंचं म्हणणं बरोबर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ची तक्ता-पुस्तिका आहे, ५२८ पदार्थांची, पण त्यात मुख्यतः कच्चा माल, शिजवलेलं हुमण नाही. म्हणून एकदा रेसिपी तुम्हीच भरा. खोबरं आणि तेल तेवढं नीट मोजा, खरा फरक तिथेच पडतो, चहाचा चमचाभर तेल म्हणजे ४५ कॅलरी. मासा अंदाजाने चालेल.
लाल नोटिफिकेशन आजच बंद करा. माझ्याकडे येणाऱ्या बायका वजनाला घाबरत नाहीत, कोणीतरी रोज मार्क देतंय याला घाबरतात. ७८ वर पाच टक्के म्हणजे चारेक किलो, तेवढ्यानेही साखरेत फरक दिसू शकतो, तेच टार्गेट ठेवा. ॲपमधलं ते भलंमोठं टार्गेट पुसून टाका. आणि वजन रोज नको, मीठ-पाण्याने एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं, माणूस उगीच खचतो.

डिचोलीचो_झिलो:
एमबीएला आम्हाला २००३चं यूटॉट मॉडेल होतं, लोक नवीन टेक्नॉलॉजी का घेतात त्याचं. उपयोग होईल असं वाटणं, सोपं असणं, आपली माणसं काय म्हणतात आणि मदतीला कोण आहे, हे चार. २०१२ला त्यात मजा, किंमत आणि सवय जोडली. तुमच्या आईच्या बाबतीत मला सवयच अडलेली दिसते. दुपारी जेवून हात धुतले की लगेच लिहायचं, रात्री आठवून नाही. पैसे भरून प्लॅन मात्र लगेच घेऊ नका, आधी महिनाभर फुकटातलं चालतंय का बघा.

फोंडेकरीण:
सगळ्यांचे आभार, खरंच. लाल नोटिफिकेशन आत्ताच बंद केलं. म्हापसाकरदादा, मीपण तिच्यासोबत माझं लिहायला लागते. उद्या हुमण करताना खवलेलं खोबरं वजनकाट्यावर ठेवून बघणार, आईला सांगितलं तर म्हणाली, मग तिरफळंपण मोजशील काय!